हिरवा घड

सातव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांत जळगावच्या डॉक्टरांना नको तशा रक्तवाहिन्या वाढताना दिसल्या. दोन दिवसांत लेझर केलं नाही तर नजर जाऊ शकते, म्हणाले. नवरा नवल केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर, त्याचा फोन लागेना. म्हणून दिपमालानं सावद्याला फोन करून सासऱ्यांना विचारलं. अभिमन आबा एरवी न विचारता दहा सल्ले देत. आज विचारल्यावर मात्र सावध झाले.

“पोऱ्या उजेडाकडे पाहते ना? मंग कायले डोयाले हात लावू द्यायचा? सव्वा महिना तरी होऊ दे.”

“तो कुठं थांबला दिवस भरायला, आबा?”

आबा हसले नाहीत.

“तुम्ही चाळीस वर्षं केळी कापता. घड पिवळा दिसायची वाट पाहता का?”

“पिवया झाल्यावर कोन घेईल? हिरवाच कापा लागते.” मग आबांचा आवाज खाली आला. “त्याले दुखंल का वं?”

“भूल देतील,” ती म्हणाली. पण एवढ्याशा जिवाला भूल तरी सोसेल का, हे तिनं डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

संमतीपत्रावर सही करण्याआधी तिनं बाळाकडं पाहिलं. ते खिडकीतल्या उजेडाकडं टक लावून बघत होतं.