शेणाचं विरजण

आकाराम गुरुजींनी उभ्या आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. शहात्तर सालच्या चैत्रात वरच्या कचेरीतून ते आलं होतं. ‘आपला गोबरगॅस संच निकामी ठरला असून योजनेतून दिलेला लोखंडी ड्रम दुसऱ्या गावी हलवण्यात येईल. हरकत असल्यास महिन्याच्या आत कळवावे.’ गुरुजींनी ते चारदा वाचलं, शब्दकोशात घातलं आणि शब्दकोश फडताळात वर सारून दिला. काळही असा होता, की सरकारी कागदाला उलट उत्तर द्यायला भलेभले धजत नव्हते. पण गुरुजींचं कारण निराळं होतं. त्यांना वाटत होतं, कचेरीनं लिहिलंय ते खरंच आहे. संच निकामी झाला होता आणि तो त्यांनीच केला होता.

उंब्रजपासून कोसभरावर त्यांचं गाव. परसात टाकी बांधून, वर गॅस साठला की उठणारा ड्रम उपडा घालून, दीड वर्ष त्यांच्या घरात शेणाच्या गॅसवर भाकरी होत होती. तीस वर्षं धुरानं गळणारे राहीबाईंचे डोळे त्या दीड वर्षात कोरडे झाले होते. मग गुरुजींनी पुस्तकात वाचलं, की खरकट्यापासून शेणापेक्षा जास्त गॅस निघतो. माघात पुतण्याचं लग्न झालं. उरलेला भात, बुंदी, आमटी, वर शेजारच्या गुऱ्हाळातली रसावरची मळी दोन पिंपं, असं सगळं त्यांनी एका दिवसात टाकीत लोटलं. दोन दिवस शेगडी भडकली, चौथ्या दिवशी विझली. ड्रम टाकीत तळाला बसला तो उठेना. ‘नवे अन्न थोडे थोडे घालावे’ हे वाक्य पुढच्याच पानावर होतं. लग्नाच्या गडबडीत गुरुजींनी पान उलटलंच नव्हतं.

गुरुजींच्या टाकीला अजीर्ण झालं, असं पारावर लोक म्हणायचे. राहीबाई पुन्हा चुलीपुढं बसल्या.

महिना उलटला आणि कचेरीचा सुपरवायझर लालासाहेब सांगून गेला, की तीन आठवड्यांनी सोमवारी ट्रॅक्टर येईल. तेव्हा कुठं राहीबाईंना पत्राचं कळलं. त्या भांडल्या नाहीत. परसात गेल्या, टाकीत काठी बुडवली आणि काठीचा वास घेतला.

“आवं, हे आंबलंय,” त्या म्हणाल्या. “दूध नासलं म्हणून कुणी गंज दिऊन टाकतं व्हय?”

निम्मा घाण लगदा उपसायचा, चुन्याची निवळी घालायची आणि जिथं टाकी चांगली चाललीय तिथून विरजण आणायचं, असं त्यांनी सांगितलं. गुरुजींनी पुस्तक काढून पाहिलं. तेच होतं, नुसते शब्द जड होते. तरी त्यांचा धीर होईना. पुन्हा काही चुकलं तर, एवढंच ते घोकत राहिले.

“तुमी चुकला ते चुकला,” राहीबाई म्हणाल्या. “पर धूर माझ्या डोळ्यात जातुय. ड्रम मी जाऊ द्यायची न्हाई.”

गुरुजींचा एक जुना विद्यार्थी, बिराप्पा, पलटणीतून परतून आटपाडीकडे राहत होता. त्याच्या खिलार गुरांच्या शेणावरची टाकी उत्तम चालायची. शेवटी गुरुजी त्याच्याकडं गेले. त्यानं दुधाच्या दोन किटल्या भरून टाकीतला शेणकाला दिला आणि गुरुजींना एसटीत बसवून दिलं. विट्याच्या आधीच निम्म्या गाडीनं नाकाला पदर नि उपरणी लावली. कंडक्टरनं किटल्यांत काय आहे विचारलं आणि ऐकायच्या आधीच उतरायला सांगितलं. गर्दीत कुणी पायावर पाय दिला तरी स्वतःच माफी मागणारा हा माणूस.

“विरजण आहे,” गुरुजी म्हणाले. “मी उतरणार नाही.”

आणि दोन्ही किटल्या गुडघ्यांत आवळून ते कऱ्हाडपर्यंत बसून राहिले. आवाज आपलाच होता, याचं नवल त्यांना घरी येईस्तोवर पुरलं.

निम्मा लगदा उपसून, चुन्याची निवळी घालून टाकीत विरजण पडलं. राहीबाई रोज एक पाटी शेण कालवून घालू लागल्या, मूठभरही जास्त नाही. दहाव्या दिवशी ड्रम चार बोटं उठला, पण गॅसपुढं धरलेली काडी विझली. पहिला गॅस जळत नाही, तो सोडून द्यावा, हे गुरुजींनी या वेळी पान उलटून वाचलं होतं. सोडून दिला. ड्रम पुन्हा हळूहळू उठू लागला. तो जळेल की नाही हे बघायच्या आतच सोमवार उजाडला आणि ट्रॅक्टर दारात आला.

लालासाहेब स्वभावानं वाईट नव्हता, पण त्याला पुढं दुसरं गाव गाठायचं होतं.

“गुरुजी, हरकत कळवली न्हाई, म्हंजे संमती,” तो म्हणाला, आणि माणसांना साखळी आणायला सांगितलं.

गुरुजींनी धोतराचा सोगा खोचला, टाकीच्या कठड्यावर पाय दिला आणि ते ड्रमवर चढून मांडी घालून बसले. ड्रम डुगडुगला, त्यांच्या वजनानं वीतभर खाली गेला. साखळीवाले हसायला लागले. म्हाताऱ्याला उचलायचं कसं, तेही त्यांना कळेना.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून राहीबाईंचा आवाज आला.

“हलू नगासा. तुमी बसलाय तर जाळ दुप्पट झालाय.”

लालासाहेब आत गेला. शेगडीवर निळा जाळ सरळ उभा होता आणि राहीबाई तवा ठेवत होत्या. भाकरी खाऊन जा, पण ड्रम मिळायचा नाही, असं त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं. त्यानं भाकरी खाल्ली. मग बाहेर येऊन डोकं खाजवत ड्रमकडं वर बघितलं.

“रिकामा ट्रॅक्टर घेऊन कचेरीत काय तोंड दाखवू, गुरुजी? काय ते लेखी द्या.”

“देतो,” गुरुजी वरूनच म्हणाले.

शब्दकोशातलं पत्र समोर ठेवून त्यांनी लिहिलं: ‘संच निकामी नव्हता. चालवणारा चुकला होता. चूक माझी होती, ती दुरुस्त केली आहे. ड्रम येथून हलणार नाही. तपासायचे असल्यास जेवणाच्या वेळी यावे.’ खाली सवयीनं ‘चूकभूल माफ असावी’ असं उतरलं. त्यांनी ते वाचलं आणि खोडलं.

उन्हातून चालत ते उंब्रजच्या पोस्टात गेले. कारकुनानं साधंच टाकायचं का विचारलं.

“रजिस्टर,” गुरुजी म्हणाले. “पोचपावतीसह. सही घेऊनच द्यायला सांगा.”

शिक्का पडला, तेव्हा कुठं त्यांनी पाकिटावरचा हात काढला.