डावी बाजू बाबांची

शर्मिलाने तो डबा मागवला तेव्हाच अश्विन हसला होता. आता तर तो हसून हसून सोफ्यावर आडवा व्हायचा बाकी होता. बायको बेचाळीस वर्षांची, अठरा वर्षं नेरूळच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतेय, आणि टीव्हीतला वीतभर निंजा तिला धड चालवता येत नाही! निंजा भिंतीवर आपटत होता, खड्ड्यात पडत होता, पुन्हा उभा राहून त्याच खड्ड्यात पडत होता.

“तू तर म्हणालीस, तू चॅम्पियन होतीस.”

“अर्धी,” शर्मिला म्हणाली.

डबा म्हणजे हल्ली ऑनलाइन मिळतो तो, जुने चारशे गेम भरलेला. टीव्हीला जोडायचा की झालं. त्यातले तीनशे सत्त्याण्णव तिला नकोच होते. हवे होते ते ‘सिल्व्हर क्रेन’चे तीन भाग, आणि खरं सांगायचं तर तिसराच. पण तिच्या डाव्या अंगठ्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. उजवा मात्र लाडात आल्यासारखा उडी आणि तलवार, उडी आणि तलवार मारत सुटला होता. तिने टीव्ही बंद केला. परवा सोमवारी बाबा कायमचे गावाला जाणार होते आणि तिच्याकडे एकच रविवार उरला होता.

आता अर्धी चॅम्पियन म्हणजे काय, ते सांगायला हवं. चौऱ्याण्णव साली ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनने शर्मिलाच्या बाबांच्या, सितारामच्या, उजव्या हाताची चार बोटं नेली. आई, भागीरथी, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायला लागली. बाबा तळवलीच्या खोलीत पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून बसून राहिले. सुरुवातीला माणसं आली, बिस्किटांचे पुडे ठेवून गेली, मग येईनाशी झाली. शिफ्टमधला युसुफ तेवढा येत राहिला. त्याच्या भावाने कुवेतहून टीव्ही गेम आणला होता. “घरी पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत, तुझ्याकडेच राहू दे वर्षभर,” म्हणून तो गेम आणि तीन कॅसेटी यांच्याकडे ठेवून गेला.

रिमोट दोन हातांचा, आणि बाबांना चालता हात एकच. दहा वर्षांची शर्मिला शाळेतून आली की त्यांच्या उजवीकडे चिकटून बसायची. डावी बाजू बाबांची: पुढे, मागे, वर, खाली. उजवी बाजू शर्मिलाची: उडी आणि तलवार. एकाच रिमोटवर दोन माणसांचे दोन अंगठे. पांढऱ्या मुखवट्याच्या त्या हिरोचं नाव बाबांनी बगळ्या ठेवलं, आणि दोघांत मिळून तो असा काही पळायला लागला की चाळीतली पोरं खिडकीत गर्दी करायची. पहिला भाग गणपतीपर्यंत संपला, दुसरा दिवाळीपर्यंत. तिसरा मात्र संपलाच नाही.

शेवटी एक राक्षस होता. त्याच्यासमोर एक खांब, खांबाच्या पुढे खड्डा. खांबावर उभं राहायचं, जागच्या जागी उडी मारायची, वर असतानाच तलवार चालवायची आणि परत त्याच खांबावर उतरायचं. असे सात वार. पाच व्हायचे, सहा व्हायचे, आणि बगळ्या खड्ड्यात. रोज! “माझी उडी उशिरा पडली,” शर्मिला रडकुंडीला येऊन म्हणायची. “असू दे. उद्या बघू,” बाबा म्हणायचे. ती वर्गात खोडरबरावर अंगठा दाबून सराव करायची. बाईंनी दोनदा रबर काढून घेतला. जूनमध्ये बाबांना वाशीत वॉचमनची नोकरी लागली, युसुफचाचा येऊन गेम घेऊन गेले आणि राक्षस जिवंतच राहिला.

शर्मिलाच्या आयुष्यात त्यापेक्षा सुखाचं वर्ष पुन्हा आलं नाही, हे ती कुणालाच सांगायची नाही. बापाची बोटं गेली ते वर्ष सुखाचं, असं सांगायचं तरी कुणाला? आई जाऊनही आता दोन वर्षं झाली होती. बाबांना तिने उलव्याला आपल्या घरी आणून पाहिलं, पण नवव्या मजल्यावर ते चार दिवसांत कंटाळले. मग त्यांच्या धाकट्या भावाने, धर्मराजकाकांनी, माणगावकडच्या गावी बोलावलं आणि बाबा हो म्हणाले. “ठीक आहे,” शर्मिला म्हणाली होती. जाऊ नका, एवढे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने तळवलीच्या खोलीत डबा जोडला. सामान बांधून झालं होतं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि टीव्ही तेवढे उरले होते.

“हा बगळ्या?” बाबा टीव्हीच्या अगदी जवळ गेले. “अजून हाय हा?”

“आहे. या, बसा. डावी बाजू तुमची.”

पहिला तासभर फजितीतच गेला. चौऱ्याहत्तर वर्षांचा अंगठा कापत होता. शर्मिला ओरडत होती, बाबा हसत होते, मधेच दोघं एकमेकांवर डाफरत होते. मग केव्हातरी सूर लागला. बाबांनी पुढे दाबायचं आणि तिने त्याच क्षणी उडी मारायची, न बोलता. बगळ्या छपरांवरून धावत सुटला. शर्मिलाचा खांदा बाबांच्या दंडाला टेकलेला होता आणि तिचं मन भरून आलं होतं. हे असंच चालू राहावं, एवढंच तिला वाटत होतं.

चार वाजता राक्षस आला. एक वार, दोन, तीन. सहावा बसला. सातव्याला शर्मिलाने उडी मारली, अगदी वेळेवर, आणि बगळ्या खड्ड्यात गेला.

लहानपणी तिची नजर राक्षसावर असायची. आज ती बगळ्याकडे पाहत होती. अठरा वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सवय, ती काही सुटत नाही. बगळ्या हवेत असताना पुढे सरकला होता. पुढे जायचं बटण तिच्या बाजूला नव्हतंच.

“बाबा, तुम्ही पुढे दाबलंत.”

“हात कापतो गं.”

“नाही. मुद्दाम दाबलंत.”

बाबांनी रिमोटवरचा अंगठा उचलला, पुन्हा ठेवला.

“तेव्हापण?” तिने विचारलं.

“हो.”

“रोज?”

“सहा झाले की दाबायचो.”

शर्मिला ताडकन उभी राहिली. “एकतीस वर्षं, बाबा! एकतीस वर्षं मला वाटतंय माझा अंगठा चुकला. दहावीला, बारावीला, इंटरव्ह्यूला, ऐन वेळी मी चुकणार, चुकणारच, असं धरून चालले मी. का केलंत असं?”

“मला वाटलं तू इसरली असशील.” बाबांचा आवाज खाली गेला. “तुजी आई सातला जायची. तू दीडला यायचीस. मधला वेळ मी ह्या भिंतीकडे बघत काढायचो. कोन येत नव्हतं. हात बघून पोरं घाबरायची, खिडकीतूनच बघायची, मोठी मानसं तोंड फिरवायची. तू तेवढी त्या हाताकडच्या बाजूला बसायचीस, बिनधास्त. पहिला संपला तेव्हा दुसरा होता, दुसरा संपला तेव्हा तिसरा. चौथी कॅसेट नव्हती युसुफकडे. हा संपला असता तर तू खाली खेळायला गेली असतीस. नसतीस गेली?”

गेली असती. खाली लंगडी चालायची, डबा ऐसपैस चालायचा. दहा वर्षांची पोर काय, संपलं की उठली असती. राग होता तिथेच होता, पण त्याला आता धड उभं राहता येईना.

“आणि आज?” तिने विचारलं. “आज का दाबलंत?”

“उद्या गाडी हाय,” बाबा म्हणाले.

ती परत खाली बसली, त्यांच्या उजवीकडे. रिमोटची आपली बाजू धरली. “आता नीट खेळायचं. माझ्या गळ्याची शपथ.”

“बरं.”

पुन्हा राक्षस. एक, दोन, तीन, चार. बाबांचा अंगठा बटणाच्या वर अधांतरी थांबलेला होता, नुसता कापत होता, पण खाली येत नव्हता. पाच. सहा. आपण उशिरा दाबलं तर, असं शर्मिलाच्या मनात आलं. नुसतं एवढंसं उशिरा. पुन्हा पहिल्यापासून, संध्याकाळपर्यंत. पण तिला एकदा बघायचंच होतं, आपला अंगठा खरंच चुकतो का. तिने दाबलं.

नाही चुकला.

राक्षस कोसळला. डोंगर आले, सूर्य आला, बगळ्याने मुखवटा काढला. आत साधासा तरुण माणूस होता, शेजारचा कुणी असावा तसा. मग जपानी अक्षरं वर सरकू लागली. हे बघायला तिने एकतीस वर्षं काढली होती आणि आता तिला त्यातलं काही दिसत नव्हतं, कारण डोळे वाहत होते.

“बाबा, जाऊ नका,” ती म्हणाली. “मला नाही चालणार. मी ठीक आहे म्हणाले ते खोटं होतं.”

बाबांनी अंगठा तेवढा उरलेला आपला उजवा हात तिच्या हातावर ठेवला.

“धर्म्याला सांगून झालंय. जावं लागेल, पोरी.”

अक्षरं संपली. पडदा काळा झाला, संगीत थांबलं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली. करायचं काहीच उरलं नव्हतं, सामानसुद्धा बांधून झालेलं. दोघं तशीच भिंतीला टेकून बसून राहिली, आणि असा बराच वेळ गेला.

मग बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“संपलं की गं,” ते म्हणाले. “तरी बसलीस?”