विमलताईंचा पिपा

मी एक जुना तेलाचा पिपा आहे. मित्रांनो, आता माझ्यात शब्द असतात. तेलाचा वास मात्र अजून जात नाही.

पांढरकवड्याच्या एका कारागिराने मला झाकण बसवलं आणि त्याला बोटभर फट पाडली. विमलताई मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या. कंडक्टर ओरडला, "बाई, तेल सांडन न!"

"तेल नाही भाऊ, यात माझी सहावी बसणार हाय," ताई म्हणाल्या.

ताई शाळेत सहावीला मराठी शिकवत. त्यांचा नियम असा : दर सोमवारी प्रत्येकाने घरात ऐकलेला एक शब्द चिठ्ठीवर लिहून माझ्यात टाकायचा. ज्याची चिठ्ठी निघेल, तो त्या तासाचा गुरुजी. तो ताईंच्या खुर्चीत, ताई बाकावर. त्याने शब्दाची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यावर परिच्छेद लिहायचा.

पहिल्या सोमवारी ताईंनी चिठ्ठी काढली : निसर्गरम्य. दुसरी काढली : निसर्गरम्य. तिसरीही तीच! सगळ्यांनी धड्याखालच्या शब्दार्थांतून उचलला होता.

"काय रे नयन, तुझी आई पऱ्हाटीत कापूस वेचताना निसर्गरम्य म्हणते काय?"

"घरचे शब्द गावठी असते मॅडम. मार्क कटते."

बंजारा तांड्यावरच्या रंजिताची चिठ्ठी तर कोरीच होती. "आमचे शब्द पुस्तकात नाही राहत," ती पुटपुटली.

"मंग पुस्तकाचं नुकसान हाय ते. तू लिही."

पुढच्या सोमवारी तिचाच शब्द निघाला : लदेणी. रंजिता खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने सांगितलं, तिच्या आजोबांचे आजोबा बैलांवर मिठाची पोती लादून मुलुखभर फिरत, त्या फिरण्याला लदेणी म्हणतात. नयनने लगेच लिहिलं, 'माझ्या पाठीवर दप्तराची रोज लदेणी असते.' रंजिता इतकी हसली, की खुर्चीवरून घसरता घसरता राहिली.

त्यानंतर मी कधी रिकामा राहिलो नाही. पाहुणे येत, माझा फोटो काढत. मी फुगून जाई.

मग यंदाच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. शाळा उघडली, पण मी वर्गातल्या कपाटावर, जुन्या नकाशांखाली पडून राहिलो. एक पाल फटीतून डोकावून जाई. तिच्याकडे शब्द नव्हता.

एका सोमवारी ताईंचं सामान न्यायला त्यांची लेक आली, समीक्षा. तिने मला ओढणीने पुसलं आणि काखेत धरलं. "हा मी पुण्याला नेते. आईची आठवण." झालं! आता काचेच्या कपाटात गप्प बसायचं, मी मनात म्हटलं.

दारात रंजिता उभी होती. आता ती आठवीत आहे, नयनही; हा त्यांचाच वर्ग. "न्या ना ताई. पण याच्या झाकणाले हात लावला तं शब्द टाका लागते. नियम हाय."

समीक्षाने वहीचा कोपरा फाडून त्यावर एक शब्द लिहिला. मग चिठ्ठी टाकली. रंजिताने ती काढून मोठ्याने वाचली : "भेदरं!" वर्गात खसखस पिकली. नियमाप्रमाणे समीक्षाला खुर्चीत बसावं लागलं.

"मी पुण्यात शिकत होते. आई भेटायला आली, की भाजीवाल्याकडे टमाट्यांना भेदरं म्हणायची. मी लांब जाऊन उभी राहायची, ओळख नसल्यासारखी."

नयनने विचारलं, "मंग आता तिथं कोन म्हणते?"

"मी म्हणते. परवा अर्धा किलो भेदरं मागितली, तर त्याने मला भेंडी दिली."

सगळी पोरं हसली. समीक्षाही हसली, डोळे पुसत. त्या तासाला भेदरांवर अठ्ठावीस परिच्छेद लिहून झाले. घंटा झाल्यावर तिने मला स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवलं, आणि माझ्याऐवजी ती त्या परिच्छेदांच्या वह्यांची चळत वाचायला घेऊन गेली.

मित्रांनो, मला गंज चढला तरी चालेल, पण रिकामं ठेवू नका. तुमच्या घरात एक तरी शब्द असा असेल, जो एकच माणूस बोलतं. ते माणूस घरात आहे तोवर त्याची गोष्ट विचारून घ्या. आणि सोमवारी कोरी चिठ्ठी टाकू नका.