जोडलेला शिक्का

टपालाचं तिकीट कागदापासून सुटून अलगद पाण्यावर आलं, तेव्हा सूनबाई स्वतःवर बेहद्द खूश होती.

सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. दर रविवारी ते जुन्या पाकिटांचे कापलेले तुकडे कोमट पाण्यात टाकायचे, तिकिटं सुटली की टॉवेलवर पालथी वाळत घालायचे. लग्न होऊन आल्यापासून ती हे बघत होती. म्हाताऱ्याला घरी आल्यावर सगळं आयतं मिळावं म्हणून तिने टेबलावरचे तुकडे भिजवले आणि हातासरशी कपाटातल्या एका अख्ख्या पाकिटाचा कोपराही भांड्यात बुडवला. त्यावर राणीच्या डोक्याचं जांभळं तिकीट होतं आणि काळा गोल शिक्का, अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर. हे कापायचं राहून गेलं असेल, असं तिला वाटलं. तिला बिचारीला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात सासऱ्यांच्या तिकीट-संग्राहक मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला.

"वहिनी, ते पुलाचं पाकीट जपून ठेवलंय ना? बाबा घरी आले की न्यायला येतो. संग्रहालयवाले डोळे लावून बसलेत."

"पुलाचं म्हणजे कुठलं?"

"राणीचं जांभळं तिकीट आहे बघा. साहेबाच्या राजवटीत पुलाच्या कामावर तात्पुरतं टपाल कार्यालय उघडलं होतं. पूल झाला आणि ते बंद पडलं. तिथल्या शिक्क्याचं अख्खं पाकीट हे एवढं एकच. तिकीट आणि कागद वेगळे झाले की मग त्याला कोण विचारतो?"

सूनबाईने कसाबसा फोन ठेवला. हातातल्या चिमट्यात राणीसाहेब ओल्या होऊन लटकत होत्या.

नवऱ्याला सांगितलं, तर त्याने तिथल्या तिथे हात वर केले. "चिकटव परत आणि तोंड उघडू नकोस," एवढा मोलाचा सल्ला देऊन तो कामावर निघून गेला.

ती शिवणकाम करायची. चौकटीच्या कापडाला खिसा लावताना रेघेला रेघ कशी मिळवायची, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. पाकीट वाळल्यावर तिने तिकिटाच्या मागे सुईच्या टोकाने खळ लावली, श्वास रोखून शिक्क्याची अर्धी कड दुसऱ्या अर्ध्या कडेला भिडवली आणि वर जाड पुस्तकं ठेवली. गोल पुरा झाला. पण जीव काही भांड्यात पडेना. येता-जाता ती कपाट उघडून बघत होती.

कारण सासऱ्यांना मंडळात सगळे 'कोर्ट' म्हणायचे. कुणी तिकिटाच्या कडेचे दाते दुरुस्त केलेत, कुणी खोटा शिक्का मारलाय, हे ते भिंग लावून चुटकीसरशी सांगत. एकदा त्यांनी आपल्या सख्ख्या मेहुण्याचं पाकीट भर सभेत नापास केलं होतं. मेहुणा त्यानंतर घरी फिरकला नाही आणि सासऱ्यांना त्याचं सोयरसुतकही नव्हतं. अशा माणसापुढे आपली लबाडी किती वेळ टिकणार?

बाबा घरी आले. "आता कसं सगळं लख्ख दिसतंय," असं ज्याला त्याला सांगत होते. डॉक्टरांनी मात्र निघताना तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मोतीबिंदू निघालाय, मागच्या पडद्याची खात्री देता येत नाही. पाकिटाच्या धास्तीत तिने ते नीट ऐकलंसुद्धा नव्हतं.

चिटणीस आले. बाबांनी पाकीट खिडकीशी नेलं, भिंग डोळ्याला लावलं. सूनबाई चहाचा ट्रे धरून दारातच उभी राहिली. मग तिने ट्रे खाली ठेवला. बाबांनी पाकीट सरळ बघितलं, तिरपं बघितलं. शिक्क्यावर त्यांचं भिंग बराच वेळ थांबलं.

"एकदम अस्सल," ते म्हणाले. "जसं होतं तसंच आहे. आणा तो दाखल्याचा कागद, सही करतो."

सुटले, असं तिला वाटलं. ते क्षणभरच. तिने घाईत लावलेली खळ एका कडेला बाहेर आली होती, वाळून चकाकत होती. ती तिला दारातून दिसत होती. मेहुण्याला न सोडणाऱ्या माणसाला ती भिंगातूनही दिसली नव्हती. तिला भडभडून आलं. आता हे सही करणार, पाकीट संग्रहालयात जाणार आणि तिथे कुणीतरी भिंग लावणार. मग आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची लबाडी पकडली, त्यांनाच लोक लबाड म्हणणार.

बाबांनी पेनचं टोपण काढलं.

"बाबा, सही करू नका." तिचा आवाज चिरकला. "मी ते तिकीट भिजवून काढलं होतं. मला माहीत नव्हतं. मग मीच परत चिकटवलं."

चिटणिसांच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा मात्र रागावले नाहीत. त्यांनी पेन ठेवलं, भिंग उचललं आणि पाकीट पुन्हा नाकाशी धरलं.

"कुठे? दाखव मला."

ती जवळ गेली. खळ चकाकत होती तिथे तिने बोट ठेवलं. ते बघत राहिले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं, डोळा बदलला. तिला वाटलं, ओरडावं यांनी, पाकीट तोंडावर फेकावं, काहीही करावं.

"इथे?"

"हो, बाबा."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग ते चिटणिसांकडे वळले.

"गेल्या वर्षभरात मी पास केलेली सगळी पाकिटं परत मागवा," ते म्हणाले. "आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."