वैजयंतीची रेघ

उत्तमराव घोरपड्यांचा उजवा कान पासष्टच्या लढाईत, शेजारी गोळा फुटला तेव्हा गेला. डावा त्यानंतर वीस वर्षं थोडाथोडा जात राहिला. सिग्नल्सच्या पलटणीत मोर्सवर बसणारा माणूस. कानच गेला म्हटल्यावर त्यांना तिथून उठवून वर्कशॉपात टाकलं. नायब सुभेदार होऊन ते जयपूरहून निवृत्त झाले आणि साताऱ्याकडे परत न जाता जयपुरातल्या झोटवाड्यातच राहिले. आसपास लहानमोठे कारखाने होते. घराच्या खालच्या खोलीत त्या कारखान्यांचे बिघडलेले मीटर दुरुस्त करायचे आणि वर जेवायला जायचं, असा त्यांचा दिवस.

एकुलता एक मुलगा जनार्दन बापाचंच काम शिकला, पण फौजेत गेला नाही. तो जहाजावर रेडिओ ऑफिसर झाला. ‘वैजयंती’ नावाच्या तेलवाहू जहाजावर त्याची नेमणूक झाली आणि ते जहाज इराण-इराकच्या आखातात ये-जा करू लागलं. सत्त्याऐंशी साल होतं. आखातात तेलाच्या जहाजांवर दोन्हीकडून मारा चालला होता. बातम्या लागल्या की मालनबाई, उत्तमरावांची बायको, उठून स्वयंपाकघरात जायच्या. जनार्दनचं पत्र यायला महिना लागायचा, आणि महिन्यापूर्वी तो सुखरूप होता एवढंच त्यातून कळायचं.

त्या उन्हाळ्यात एका कॉलेजने भंगारात काढलेला स्पेक्ट्रम ॲनालायझर उत्तमरावांच्या हाती लागला. हवेतल्या रेडिओलहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र ते. जिथे कोणी बोलत असेल तिथे हिरवी रेघ उभी राहते. जेवढा आवाज मोठा तेवढी रेघ उंच. उत्तमरावांनी ते खोलून, साफ करून, जळलेले भाग बदलून चालू केलं. गच्चीवर लांब तार ताणली आणि तिचा क्षीण आवाज वाढवणारी एक डबी स्वतः बांधून मध्ये जोडली. मग रोज संध्याकाळी ‘वैजयंती’ मुंबईला निरोप पाठवायची त्या वेळेला ते पडद्यापुढे जाऊन बसू लागले.

आणि एके दिवशी रेघ दिसली. जनार्दनने सांगितलेल्या फ्रिक्वेन्सीच्या जागेवर, सांगितलेल्या वेळेला. लुकलुकत वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

“मालन! अगं, हे बघ. पोरगं बोलतंय!”

मालनबाईंनी पदराला हात पुसत पडद्याकडे पाहिलं. “ह्यो जनाच हाय कशावरनं?” त्यांनी नवऱ्याच्या डाव्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं. “दुसरं कुनी बी आसंल की.”

त्या जागेवर कितीतरी जहाजं बोलत. पडदा जुना, त्याची चमक मागे रेंगाळायची आणि टिंबं-रेघा एकमेकांत मिसळून जायच्या, त्यामुळे डोळ्यांनी अक्षर लागत नव्हतं. कोणीतरी बोलतंय एवढं दिसायचं. कोण आणि काय, ते कानाचं काम होतं.

कान होता तो सुनेचा. अलका जयपुरातच वाढलेली, तिलक नगरमधल्या वसंतरावांची मुलगी. वसंतराव विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन आले आणि इथेच रमले. अलकाचं मराठी अडखळायचं, मध्येच हिंदी शब्द घुसायचे. पण लग्न ठरल्यापासून जनार्दनने तिला मोर्स शिकवलं होतं आणि ते मात्र ती न अडखळता ऐकायची. प्रत्येक ऑपरेटरचा आपला एक हात असतो, वाजवायची ढब. जनार्दनचा हात अलकाला झोपेतही ओळखता आला असता. शब्दाचा शेवटचा ‘डा’, म्हणजे लांब सूर, तो जरा ओढायचा, जसं बोलताना कोणी हेल काढतं.

“बाबा, आपण एक रेडिओ घेऊ,” ती म्हणाली. “तुम्ही पाहा, मी ऐकते.”

घरातला ट्रान्झिस्टर निरुपयोगी होता. मोर्सच्या जागेवर काटा नेला की त्यातून नुसतं फुस्स-फुस्स यायचं. मोर्सचा सूर काढणारा वेगळा भाग रेडिओत असावा लागतो, तो साध्या सेटमध्ये नसतो. म्हणून दोघं राजा पार्कला गेले. तिथल्या एका दुकानात दुबईहून आलेला जपानी सेट होता. पुस्तकाएवढा, काट्याऐवजी आकडे दाखवणारा. अलकाने इअरफोन लावला, बटणं दाबली आणि तिचा चेहरा उजळला.

“बाबा, एकदम साफ! आणि हलतच नाही. मतलब, जिथे ठेवला तिथेच राहतो.”

उत्तमरावांनी किंमत विचारली आणि सेट काचेवर परत ठेवला.

“मी बांगड्या देते ना,” अलका त्यांच्या कानाशी म्हणाली.

“सुनेच्या बांगड्या मोडून रेडिओ? आमच्या घरात न्हाई चालायचं ते,” उत्तमराव म्हणाले. दुकानदाराने ऐकू नये म्हणून हळू बोलावं एवढंही त्यांना आता समजत नसे. सगळं दुकान त्यांच्याकडे बघू लागलं. अलका खाली मान घालून बाहेर पडली.

झोटवाड्यात देवराम नावाचा कबाडी फौजेचा टाकलेला माल लिलावात घ्यायचा. त्याच्या गोदामात, ताडपत्रीखाली, उत्तमरावांना ओळखीचा सेट दिसला. लोखंडी पेटी, समोर मोठी गोल चकती, आत काचेचे व्हॉल्व्ह. अशाच सेटवर त्यांनी पंचविसाव्या वर्षी काम केलं होतं. देवराम तो वजनावर विकायला तयार होता.

“ये ले जाओ सूबेदार साब, आपके ही जमाने का है,” तो हसून म्हणाला. उत्तमरावांना त्याचे ओठ वाचता आले.

सेटची खोड त्यांना ठाऊक होती. थंड असताना तो सरकतो. व्हॉल्व्ह तापत जातात तसतसा लावलेला सूर निसटतो आणि चकती मागेमागे फिरवत राहावी लागते. तासभर आधी चालू करून ठेवला की मग खिळा ठोकल्यासारखा बसतो. अलकाला त्यांनी तसं सांगितलं.

“पण बाबा, तो दुसरा लगेच लागायचा,” ती म्हणाली.

“आपल्याला वेळ ठाऊक हाय ना? मग आधी लावायचा. फौजी सेट हाय, पोरी. दगा देत न्हाई.”



आणि खरोखर, सेटने काम केलं. दुपारचा चहा झाला की उत्तमराव सेट चालू करत. संध्याकाळी अलका हेडफोन लावून बसे, ते पडद्यापुढे. रेघ उठली की ते बोट दाखवत, ती चकती तिथे नेई. तिच्या एका हाताची बोटं सासऱ्यांच्या मनगटावर असत. जे ऐकू येई ते ती मनगटावर मोर्समध्येच वाजवी; मोठ्यानं ओरडून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. निरोप रुक्ष असत: जहाज कुठे आहे, किती तेल लागलं, कुठला पंप बिघडला. पण हात जनार्दनचा असे. उत्तमरावांचे डोळे मिटत. वीस वर्षांनी त्यांना मोर्स ऐकू येत होतं. मालनबाई दारात उभ्या राहून विचारत, “हाय न्हवं?” अलका मान हलवे, आणि मग त्या भाकरी टाकायला वर जात.

पाऊसकाळ गेला, दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली होती. जनार्दनची बोट डिसेंबरात मुंबईला लागणार होती आणि अलका त्याला घ्यायला जाणार होती.

त्या दिवशी जेवण झाल्यावर उत्तमराव एका कारखान्याचा दाबाचा मीटर खोलून बसले होते. पडदा चालू होता. ते तो बंद करतच नसत. सेट मात्र थंड होता, चहाला अजून अवकाश होता. त्यांनी सहज मान वर केली आणि जनार्दनच्या जागेवर रेघ दिसली. भलत्या वेळेला. नेहमीसारखी लुकलुकणारी नाही. घाईघाईने थरथरणारी, तुटणारी, पुन्हा उठणारी.

“अलका!” ते ओरडले. “अलका, खाली ये!”

ती जिन्यावरून धावत आली. उत्तमरावांनी सेटचं बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापायला जो वेळ लागतो तो लागलाच. काचेत लालसर उजेड हळूहळू येत होता आणि पडद्यावर रेघ नाचत होती. अलकाने हेडफोन कानावर दाबून धरला होता.

“आलं!” ती म्हणाली आणि तिची बोटं त्यांच्या मनगटावर पडली. एक अक्षर. अर्धं दुसरं. मग थांबली.

“काय झालं?”

“सरकतंय, बाबा!” ती ओरडली आणि दोन्ही हातांनी चकती धरली. सूर वर वर चढत पातळ होऊन गेला. तिने मागे फिरवलं, दुसरंच कुठलं तरी स्टेशन लागलं. पुढे आणलं, पुन्हा एक अक्षर मिळालं, पुन्हा निसटलं. उत्तमरावांनी स्वतः चकतीला हात घातला. त्यांना रेघ दिसत होती पण सूर ऐकू येत नव्हता, तिला सूर ऐकू येत होता पण धरता येत नव्हता. दोघांचे हात चकतीवर एकमेकांत अडकले.

“सोडा, बाबा, सोडा ना!”

त्यांनी हात काढला. रेघ एकदा उंच उठली, तशी कधी उठली नव्हती. मग खाली बसली. उत्तमराव बघत राहिले. ती परत उठली नाही.

सेट अंधार पडेपर्यंत चालू राहिला. आता तो छान तापला होता, जागचा हलत नव्हता, आणि त्यावर काहीही नव्हतं.

“जना होता का?” मालनबाईंनी विचारलं.

अलकाने दोघांकडे पाहिलं. “मला नाही कळलं, आई. शेवटपर्यंत एक शब्द पूरा नाही मिळाला. हात कोणाचा, ते कळायला एक शब्द तरी पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी बातम्यांत आखातात एक तेलवाहू जहाज पेटल्याचं सांगितलं. नाव सांगितलं नाही. घरात फोन नव्हता. तिलक नगरला वसंतरावांकडे होता, म्हणून तिघंही तिथे जाऊन बसले. संध्याकाळी मुंबईहून कंपनीच्या माणसाचा फोन आला. वसंतराव उभ्याने ऐकत होते; ऐकता ऐकता खुर्चीत बसले आणि ऐकलेलं एकेक वाक्य सांगू लागले. जहाज ‘वैजयंती’च होतं. बरेचसे लोक होड्यांतून वाचले होते. रेडिओच्या खोलीकडचा भाग जळाला होता. जनार्दन वाचलेल्यांत नव्हता, आणि मिळालेल्या मृतदेहांतही नव्हता. एका खलाशाने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो मोर्सच्या कळीवर हात ठेवून बसला होता. सगळे हाका मारत होते, तो हाताने “जा” म्हणत होता.

उत्तमरावांना कोणी सांगावं लागलं नाही. ते सगळा वेळ वसंतरावांच्या ओठांकडे बघत होते.

मालनबाईंनी अलकाच्या मंगळसूत्राला कोणाला हात लावू दिला नाही. “घावला न्हाई म्हंजी मेला न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि ते इतकं ठामपणे म्हणाल्या की सांत्वनाला आलेल्या शेजारच्या बायका चहाही न घेता उठल्या. नंतर मात्र त्यांनी बोलणंच सोडलं. उत्तमरावांना दुसऱ्यांचं बोलणं तसंही ऐकू येत नव्हतं. आता घरात ऐकण्यासारखंही काही उरलं नाही.

पंधरवड्याने अलका खालच्या खोलीत आली. उत्तमराव कामाच्या टेबलाशी रिकामे बसले होते. ती त्यांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसली.

“बाबा, एक विचारू? खरं सांगा.”

“विचार.”

“तो राजा पार्कवाला सेट असता, तर लागलं असतं?”

उत्तमरावांना खोटं बोलता आलं असतं. लांबची लहर, दिवसाची वेळ, कोण सांगू शकतं, असं काहीही म्हणता आलं असतं आणि तिने ते मानलं असतं. पण तिने नवऱ्याची शेवटची अक्षरं तुटकी ऐकली होती, तिला आणखी तुटकं काही देणं त्यांना जमेना.

“लागलं असतं,” ते म्हणाले. “बटण दाबल्याबरोबर लागलं असतं.”

अलका रडली नाही. “ऐकून मी काय केलं असतं?” ती म्हणाली. “काहीच नाही करू शकले असते. पप्पा पण हेच म्हणतात. पण तो बोलत होता ना, बाबा. मी ऐकायला बसले होते आणि तो बोलत होता.”

उत्तमरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला. तो तिने बाजूला केला. रागाने नाही, उन्हातून आलेल्या माणसाने पांघरूण सारावं तसा.

पौषात वसंतराव मुलीला न्यायला येतो म्हणाले. उत्तमराव म्हणाले, मीच पोचवतो. अलकाने मालनबाईंना नमस्कार केला. त्यांनी तिची ओटी भरली आणि जिन्यावर पाठ फिरवून बसल्या. बसमध्ये सासरा-सून शेजारी बसले, तिची बॅग त्यांच्या मांडीवर होती. तिलक नगरच्या फाटकाशी अलकाने बॅग त्यांच्या हातातून घेतली.

“आईंना सांभाळा,” ती म्हणाली.

“पुन्हा येशील का?”

तिने काहीतरी उत्तर दिलं. पण बोलताना तिने मान वळवली होती, त्यामुळे त्यांना ओठ दिसले नाहीत. पुन्हा विचारायचा त्यांना धीर झाला नाही. फाटक लागलं.

परतीच्या वेळी जी बस आली तीत ते चढले. पाटी वाचली नाही. खिडकीशी बसून राहिले. मोती डुंगरीची टेकडी मागे गेली, मग ओळखीचं काही दिसेनासं झालं, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. शेवटी खांद्यावर कोणीतरी हात ठेवला. कंडक्टर वाकून काहीतरी सांगत होता, बहुधा कितीतरी वेळ सांगत असावा, कारण तो वैतागलेला होता. बस रिकामी होती. बाहेर सांगानेरच्या बाजूची शेतं होती आणि रंगवलेल्या कापडाचे लांबच लांब पट्टे उन्हात वाळत होते.

“ताऊजी, उतरो. गाड़ी आगे नहीं जाती,” कंडक्टरने हाताने खूण केली.

उत्तमराव उतरले. झोटवाडा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. घरी मालन जिन्यावर बसली असेल, आणि जाऊन तिला काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. ते बसकडे पाठ करून रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. कंडक्टर आणि ड्रायव्हर चहा पिऊन आले, बस वळवली, आणि दारात उभं राहून कंडक्टरने त्यांना दोनदा हाक मारली. मग बस गेली.