चष्मा काढल्यावर

सभापती म्हणून सी तिजानींची ('सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत') ख्याती कशासाठी असेल, तर चष्मा काढण्यासाठी. विधेयकाचं नाव वाचून झालं की ते चष्मा काढायचे, त्याच्या काड्या मिटून तो उजव्या मुठीत धरायचे आणि मग धूसर झालेल्या सभागृहाला विचारायचे, "कोणाचा आक्षेप?" चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची बोटं धड दिसत नसत, तिथे मागच्या बाकावरचा हात काय दिसणार! "मला कोणी दिसत नाही," म्हणायचे आणि हातोडा आपटायचे. त्यात एक अक्षर खोटं नसे. माणूस पापभीरू होता, खोटं बोलायला घाबरायचा.

नियम साधा होता. चर्चेविना मंजूर करायचं विधेयक एका सदस्याने जरी हात वर केला तरी अडायचं आणि मग चर्चेत महिनोन् महिने भिजत पडायचं. सी तिजानींच्या राज्यात असं एकही विधेयक भिजलं नाही. मोठ्या साहेबांची, म्हणजे अध्यक्षांची, गादी त्या चष्म्याच्या काड्यांवर उभी होती म्हटलं तरी चालेल. पुढे रस्ते माणसांनी भरले, मोठे साहेब विमानात बसून पसार झाले आणि घटनेप्रमाणे हंगामी अध्यक्षपद सभापतींच्या गळ्यात पडलं. त्यांनी टीव्हीवर शब्द दिला, "निवडणूक घेईन आणि घरी जाईन." नवा सभापती व्हायला कोणी धजावेना, त्यामुळे दोन्ही खुर्च्या त्यांच्याकडेच राहिल्या.

निवडणूक तोंडावर आली तेव्हा पंतप्रधान सी मुख्तार त्यांच्या घरी जेवायला आले. मनूबियाने, म्हणजे तिजानींच्या बायकोने, ब्रिक तळले होते. पातळ पापडीच्या घडीत आख्खं अंडं फोडून तळायचं आणि खाताना पिवळा बलक सांडू द्यायचा नाही. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला की त्याला तिकडे हेच वाढतात आणि बलक सांडला नाही तर पसंत करतात. फार वर्षांपूर्वी तिजानी थेंबही न सांडता ब्रिक खाऊन उठले होते, तेव्हा मनूबियाची आई खूश होऊन म्हणाली होती, "या माणसाच्या अंगावर कधी डाग पडायचा नाही." शेजारी मनूबियाचा भाऊ खमायस शर्टभर बलक सांडून हसत बसला होता.

सी मुख्तारांनीही काही सांडलं नाही. बोटं पुसत ते म्हणाले, "उद्या विधेयक येतंय. निवडणूक दोन वर्षं पुढे, आणि हंगामी अध्यक्षालाही उभं राहता येईल. घटनादुरुस्ती आहे, तुमची सहीसुद्धा नको. तुम्ही फक्त नेहमीसारखं बसायचं."

"मी लोकांना शब्द दिलाय."

"लोक! अहो, चौकात बसलेली ती पोरं तुमच्याच नावाने शंख करतायत. उद्या त्यांचा माणूस निवडून आला, की पहिला आत कोण जाणार? मोठे साहेब समुद्रापार. इतकी वर्षं हातोडा कोणी आपटला, सी तिजानी? मी तर नाही."

तिजानी पेचात पडले. हो म्हणावं तर शब्द जातो, नाही म्हणावं तर तुरुंग. आणि 'नाही' हा शब्द तर त्यांनी उभ्या जन्मात उच्चारला नव्हता. पाहुणे गेले तरी ते ताटावरच बसून राहिले.

"काय ठरवलंत?" मनूबियाने विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? एवढे सदस्य आहेत, हवा बदललीय. कोणीतरी हात वर करेलच. एक हात पुरे, मी सुटलो."

"एकाने केला होता," ती म्हणाली.

तिजानींनी मान खाली घातली. खमायस त्यांच्याच पक्षाचा सदस्य होता. मोठ्या साहेबांना तहहयात अध्यक्ष करणारं विधेयक आलं, तेव्हा मागच्या बाकावरून एकट्या त्याचा हात वर गेला होता. हातोडा पडला, सगळे उठून गेले, तरी त्याने हात खाली घेतला नाही म्हणे. त्याच आठवड्यात त्याला उचलला. तुरुंगातून परतला तो फुप्फुसं गमावून, मरण्यापुरता. तिजानींनी तेव्हा कुराणावर हात ठेवून बायकोला सांगितलं होतं, मला तो दिसला नाही. मनूबिया त्यावर आजवर काही बोलली नव्हती.

"तुम्ही खोटं बोलला नव्हतात, हे मला ठाऊक आहे," ताटं उचलत ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी तुमचा चष्मा मीच पुसून दिला होता. उद्याही देईन. माझ्या हातात तेवढंच आहे."

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. बाहेरच्या घोषणा आत ऐकू येत होत्या. पुढच्या बाकावर सी मुख्तार, पायावर पाय टाकून. तिजानींनी विधेयकाचं नाव वाचलं. हात सवयीने चष्म्याकडे गेला आणि तिथूनच परत आला.

"सी तिजानी, चष्मा," शेजारून उपसभापती लझर कुजबुजला.

"राहू दे." त्यांनी घसा साफ केला. "कोणाचा आक्षेप?"

आणि ते थांबले. आजवर कधी थांबले नव्हते, म्हणून सदस्य दचकून वर बघायला लागले. तिजानींना ते पहिल्यांदाच असे लख्ख दिसत होते. एक जण जपमाळ ओढत होता, एक बुटाची नाडी बांधत होता, ती बांधूनच संपेना. करा रे कोणीतरी, त्यांनी मनातल्या मनात विनवलं. तेवढ्यात डावीकडे एक हात वर गेला.

"बोला!" तिजानी जवळजवळ ओरडले.

"नाही, नाही!" तो सदस्य पांढराफटक पडला. "कान खाजवत होतो मी, देवाशपथ!"

सभागृह हसलं. सी मुख्तारांनी घड्याळात पाहिलं. तिजानींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही सगळी त्यांचीच तर शाळा होती. हात वर न करायला यांना शिकवलं कोणी?

खुर्चीवरच्याला आक्षेप घेता येत नाही, हाही नियमच. ते उठले. "लझर, खुर्ची सांभाळ," म्हणाले आणि पायऱ्या उतरून चालायला लागले. मागच्या बाकावर, खमायसच्या जागेवर जाऊन ते बसले आणि त्यांनी हात वर केला.

सगळ्यांच्या माना वळल्या. लझरने मात्र सी मुख्तारांकडे पाहिलं. त्यांनी पापणी किंचित मिटली. लझरने चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तो उजव्या मुठीत धरला. सगळं हुबेहूब गुरूसारखं. इथून ते कसं दिसतं हे तिजानींना आज कळलं.

"कोणाचा आक्षेप?" लझरने डाव्या हाताने हातोडा उचलला. "मला कोणी..."

"लझर!"

परवानगीशिवाय बोलणाऱ्यांना याच तिजानींनी शिपायांकरवी बाहेर काढलं होतं.

"चष्मा घाल, लझर."

लझर गोठला. एका हातात चष्मा, दुसऱ्यात हातोडा. चष्मा नाकावर चढवायला दोन्ही हात लागत होते. बाहेरच्या घोषणा क्षणभर थांबल्यासारख्या झाल्या. मग लझरने हातोडा खाली ठेवला, चष्मा घातला आणि समोर पाहिलं.

"एक हात..." तो म्हणाला. "मला एक हात दिसतोय. विधेयक चर्चेला जाईल."

निवडणूक आता ठरल्या दिवशीच होणार होती. बाक करकरले, गलका झाला. सी मुख्तार मागच्या रांगेपर्यंत आले आणि वाकून हळूच म्हणाले, "तुरुंगात ब्रिक मिळत नाही हं, सी तिजानी."

"माहीत आहे. माझ्या मेहुण्याने सांगितलं होतं."

सभागृह रिकामं झालं. पांढऱ्या मिशांचा जुना शिपाई खिडक्या लावत लावत मागे आला आणि अवघडून उभा राहिला.

"सी तिजानी, हात खाली घ्या आता. सगळे गेले."

तिजानींच्या खांद्यातून कळा येत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"त्या दिवशी तूच होतास ना इथे? खमायस कधीपर्यंत बसला होता असा?"

शिपायाने शेवटची खिडकी लावली. "मी दिवे घालवेपर्यंत."

"मग घालव दिवे," तिजानी म्हणाले. हात त्यांनी तसाच वर ठेवला होता.