मास्तरांचा खरा राग

अकोल्याच्या जठारपेठेतल्या वामनराव मास्तरांना इंग्रजीतले रागाचे सगळे शब्द पाठ होते, राग मात्र एकही येत नव्हता. शाळेत मॅट्रिकच्या पोरांना ते हे शब्द मोठ्या चवीनं शिकवत. वरणात मीठ कमी पडलं की येतो तो ॲनॉयन्स. तेच मीठ दहा वर्षं मनात धरून ठेवलं की रिझेंटमेंट. पंगतीत शेजाऱ्याला आधी वाढलं म्हणून पाट सोडून उठलात, तर ते अंब्रेज. आणि आपलं काडीचंही नुकसान झालेलं नसताना, एखाद्या भल्या माणसावर अन्याय होताना पाहून जो पेटतो, तो इंडिग्नेशन. "हा फार मोठ्या जातकुळीचा राग हाये बरं," मास्तर बोट उंच करून सांगत. मागच्या बाकावरून एखादं आगाऊ पोर विचारी, "मास्तर, तुमाले यातला कोनता येते?" मास्तरच सगळ्यांत आधी हसत.

घरी पार्वताबाई वेगळं बोलायच्या. "गवळी दुधात पाणी घालून राह्यला, आन् हे त्यालेच च्या पाजून राह्यले," असं त्या अख्ख्या आळीला सांगत. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

अशा या मास्तरांच्या मुलाचं, गोवर्धनाचं लग्न चांदूर रेल्वेच्या भगवंतरावांच्या शालूशी ठरलं. भगवंतराव चांगला खाऊन-पिऊन सुखी शेतकरी. माणूस कमी बोलणारा, जीव लावणारा. मास्तरांनी बैठकीतच सांगून टाकलं होतं, "नारळ आन् पोरगी, बाकी आमाले काई नको." त्या एका वाक्यावर दोन घरं जुळली होती.

वैशाखात वऱ्हाड अकोल्याहून पॅसेंजरनं निघालं आणि चांदूरला उतरलं. उतरायला जानोसा म्हणून स्टेशनाजवळचं एक मोठं गुदाम झाडून-सारवून दिलं होतं. सरबत झालं, फराळ झाला. नवरदेव मुंडावळ्या बांधून घामाघूम होऊन बसला. मुहूर्ताला तासाभराचा अवकाश असताना भगवंतराव स्वतः जानोशाच्या दारात आले. त्यांच्या हातात कासरा होता आणि कासऱ्याला त्यांची पांढरीशुभ्र बैलजोडी, पाखऱ्या आणि चांद्या. अंगावर झुली, शिंगांना बेगड. शंकरपटाच्या शर्यतीत वाऱ्यासारखी पळणारी ही जोडी साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. भगवंतरावांनी ती वासरं असल्यापासून हातानं चारून वाढवली होती.

"इवाईबुवा," भगवंतराव खाली बघत म्हणाले. व्याह्याला वऱ्हाडात इवाई म्हणतात. "तुमची इच्छा कळली. घ्या."

"कोनती इच्छा?" मास्तरांना काही उमगेना.

"खुशालराव सांगून गेले ना. जोडी दिल्याबिगर नवरदेव मांडवात येनार नाई. मास्तर भिडस्त हायेत, तोंडानं बोलनार नाईत."

मास्तरांनी वळून पाहिलं. खुशालराव, त्यांचे थोरले चुलतभाऊ, पान लावण्यात एकदम गढून गेले होते. त्यांच्या मिशीखाली हसू मावत नव्हतं.

आणि मास्तरांचे कान तापले. ज्या माणसानं पोरगी द्यायला काढली, त्याच्या हातून त्याची जनावरंही ओढून घ्यायची, आणि तीही माझ्या नावानं! पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा खराखुरा राग आला, आणि सवय नसल्यामुळे त्याचं करायचं काय तेच त्यांना कळेना. ते ताडकन उठले, बाहेर गेले आणि लिंबाखालच्या बाजेवर पाठ फिरवून बसले.

झालं! कुणीतरी ओरडलं, "इवाई रुसले!"

लग्नात इवाई रुसायचाच. तो रुसला नाही तर लग्नाला चव येत नाही. मुलीकडची मंडळी आनंदानं धावत सुटली. डफडेवाला आला, सनई आली. बायांनी भोवती कडं करून इवायाच्या टकलावर गाणं रचलं. एकानं पंखा धरला, दुसऱ्यानं बुंदीचा लाडू थेट तोंडाशी आणला.

"अरे, मी रुसलो नाई! मले काईच नको!" मास्तर कळवळून म्हणाले.

"काईच नको म्हंते, म्हंजे अजून पाह्यजे!" एक म्हातारा खात्रीनं बोलला आणि सगळे खदखदून हसले. हसले नाहीत ते फक्त भगवंतराव. ते पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गोठ्यात दुभती गाय हाये. ते बी आनू का?"

ते ऐकून मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे हा भला माणूस आता आपल्यालाच चोर समजून राहिला! आज हे असंच राहिलं तर शालू आपल्या घरात जन्मभर आपल्याकडे कोणत्या नजरेनं बघेल?

पार्वताबाई गर्दीतून वाट काढत आल्या. "अवो, जन्मभर पोरांले राग शिकवला. आता आला, तं त्याले घेऊन झाडाखाली बसता काहून? बोला ना!"

"काय बोलू? हे लोक याले रुसवाच समजून राह्यले."

असं म्हणता म्हणता मास्तर थबकले. समोर दहाजण हात जोडून विचारत होते, काय पाह्यजे, इवाईबुवा, मागा. आणि रुसलेल्या इवायाचं मागणं मोडायची छाती आजवर कुणाला झाली होती? आपला हा उच्च कुळीचा राग कुणाला समजत नसेल, तर न समजो. रुसवा तर समजतो!

मास्तर बाजेवर उभे राहिले. बाज करकरली.

"हो! मी रुसलो!" मास्तरांनी असा आवाज काढला की गुदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "आन् लय रुसलो! माहा रुसवा काढाचा असंन तं आयका. हे जोडी आत्ताच्या आत्ता भगवंतरावाच्या गोठ्यात परत गेली पाह्यजे. नेतीन कोन? खुशालराव नेतीन! पायी, वाजतगाजत! आन् मांडवात साऱ्याइच्या देखत सांगतीन का इच्छा कोनाची होती. तवरिक नवरदेव हलनार नाई!"

मग डफडेवाल्यानं टिपरू हाणलं आणि जो हशा उसळला तो थेट स्टेशनापर्यंत गेला असेल.

"वामन, मी थोरला हावो तुह्याहून!" खुशालराव कावले.

"म्हनूनच मान तुमचा!" पार्वताबाई म्हणाल्या आणि कासरा त्यांच्या हातात दिला.

पुढे डफडं, मागे खुशालराव. पण शंकरपटातली जोडी ती. डफडं घुमायला लागताच पाखऱ्यानं कान टवकारले, चांद्यानं शेपूट उभारलं आणि दोघे घराच्या वाटेनं जे सुटले! खुशालरावांचं पागोटं उलगडत गेलं, धोतराचा सोगा सुटला, आणि पोरंसोरं आरोळ्या ठोकत मागे पळाली. मांडवाच्या दारात पोचेपर्यंत बिचाऱ्यांना बोलायला दम उरला नव्हता. "माही... इच्छा होती. वामनची नाई. चुकलं, भगवंतराव," एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं आणि ते खालीच बसले. भगवंतरावांनी त्यांना आपल्या हातानं गुळाचं पाणी पाजलं.

लग्न लागलं आणि पंगती उठल्या. संध्याकाळी नवरानवरीला स्टेशनावर पोचवायला भगवंतरावांनी पाखऱ्या-चांद्याचीच दमणी जुंपली आणि हाकायला स्वतः बसले. गाडी यायची वेळ झाली. शालू बापाच्या पाया पडली आणि भगवंतराव लहान लेकरासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

मास्तर घाबरले. "इवाईबुवा, अजून काई राह्यलं का मनात? कोनी काई बोललं का?"

"नाई जी." भगवंतरावांनी शेल्यानं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "सकाळपासून रडू येऊन राह्यलं होतं. पन अपमानाचं का पोरीचं, मलेच समजत नोतं. आता पक्कं समजलं. हे पोरीचं हाये. मले रडू द्या."

मास्तरांनी त्यांचा हात धरला, आणि गाडी येईपर्यंत दोघे इवाई फलाटावर उभे राहून मनसोक्त रडले.